पुरानंतरचं घर: आधी गाळ, मग साबण, मग क्लोरीन, आणि सगळ्यात शेवटी रंग

हे प्रकरण सांगलीच्या गावभागातल्या एका घराचं, जुलै २०२१ च्या पुरानंतरचं. घर माझ्या मावशीचं. मी बांधकामावर सुपरवायझर आहे, त्यामुळं पाणी ओसरल्यावर कुठून सुरुवात करायची हे ठरवायची जबाबदारी माझ्याकडं आली. सविस्तर लिहितोय, कारण पूर उतरला की गल्लीतल्या प्रत्येक घरात एकच वाद होतो: आधी काय मारायचं, फिनेल, ब्लीचिंग की हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण)? माझ्या मते औषध कुठलं यापेक्षा ते कधी मारलं याला जास्त महत्त्व आहे. या घरात ते अगदी स्पष्ट दिसलं.

घर आणि पाणी

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ ला ते ५४ फुटांच्या आसपास थांबलं. गावभागात राहणाऱ्याला हे आकडे पाठ असतात, कारण कुठल्या फुटाला पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागतं हे इथं लहान पोरंही सांगतात. २०१९ चा अनुभव गाठीशी असल्यामुळं मावशीकडच्यांनी धान्य, कागदपत्रं, टीव्ही असं सगळं आदल्या दिवशीच माडीवर चढवलं आणि सगळे विश्रामबागेत नातेवाइकांकडं गेले.

घराचे दोन भाग आहेत. पुढच्या दोन खोल्या जुन्या: मातीच्या जाड भिंती, खाली शहाबादी फरशी, वर लाकडी माडी. मागचं स्वयंपाकघर, मोरी आणि संडास नंतर बांधलेले, विटा-सिमेंटचे. मधल्या छोट्या चौकात जमिनीखाली दोन हजार लिटरचा हौद. घरात मावशी, काका, मावसभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो), वहिनी आणि त्यांची लहान मुलगी. काकांना दम्याचा त्रास. ही गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरली.

पाणी घरात कमरेइतकं चढलं आणि तीन-चार दिवस राहिलं. नदीचं पाणी म्हणून लोक त्याकडं जरा नरमाईनं बघतात, पण ते आधी गटारातून उलटं वर येतं. शेरीनाल्याचं सांडपाणी, संडासाच्या टाक्या, मेलेली जनावरं, दुकानांच्या तळघरातला माल, हे सगळं त्यात असतं. म्हणून घरात उरलेल्या गाळाला मी मैलाच समजतो. तसं समजलं की हातमोजे आणि गमबूट घालायला कुणाला सांगावं लागत नाही.

आत पाऊल टाकण्याआधी

मेन स्विच बंद होता, तो बंदच ठेवला. वायरमननं सगळे बोर्ड उघडून, आतला गाळ काढून, वाळवून तपासल्याशिवाय खालच्या मजल्यावर वीज सुरू करायची नाही, हे पहिल्यांदा ठरवलं. गॅसचा सिलिंडर पाण्यात होता, तो एजन्सीकडं तपासायला दिला. नळी आणि रेग्युलेटर नवे घेतले. काठी आपटत, बॅटरी मारत आत गेलो, कारण पुराच्या पाण्याबरोबर साप येतात आणि कपाटामागं, ओट्याखाली दडून बसतात.

कशालाही हात लावायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढले, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. घर धुऊन लख्ख केलं की पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. शेजारी एका घरात तसंच झालं आणि त्यांना पुढं बरेच हेलपाटे मारावे लागले.

आरोग्य केंद्राचं पथक गल्लीत येत होतं. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि पायावरच्या साध्या जखमेतून अंगात शिरतो. गाळात काम करणाऱ्यांना त्यासाठी गोळ्या द्यायच्या का, हे तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं. दादाच्या पायाला आधीच भेग होती, त्याला धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं.

द्राक्षबागेतला पंप

पहिला वाद इथं झाला. वहिनीचा भाऊ तासगावहून मदतीला आला तो पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊनच. द्राक्षबागेतला. सोबत सोडियम हायपोक्लोराइटचा कॅन. कोरोनाच्या दीड वर्षात सगळ्यांनी गल्लीबोळात हायपोची फवारणी बघितली होती, त्यामुळं फवारलं की निर्जंतुक झालं, असं डोक्यात बसलेलं. तो म्हणाला, "आधी सगळीकडं मारून घेऊ की, मग आत जाऊन काम करायला भ्या नाही."

त्याची कळकळ खरी होती, पण दोन कारणांसाठी मी थांबवलं. एक, बागेत कीटकनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी टाकीत, नळीत, नोझलमध्ये अंश राहतोच. तो राहत्या घरात वापरायचा नसतो. दुसरं कारण मोठं. क्लोरीन जंतूंना मारतं तसं ते माती, शेण, तेल, कुजका पालापाचोळा अशा प्रत्येक सेंद्रिय गोष्टीशी लगेच अभिक्रिया करून संपून जातं. बोटभर गाळावर हायपो मारलं तर वरच्या थरातच त्याचा जीव जातो आणि खालच्या गाळात जंतू तसेच राहतात. उलट वास सुटतो, डोळे चुरचुरतात आणि माणसाला वाटतं की काम झालं.

गल्लीत घरापुढं ब्लीचिंग पावडरच्या पांढऱ्या रेघा ओढल्या जातात, त्यांचंही तेच. ओल्या गाळावर कोरडी पावडर भुरभुरून घर निर्जंतुक होत नाही. काळ्या फिनेलचा वास तर इतका उग्र की तो कुजकट वास झाकून टाकतो. मावशी म्हणत होती, "वास गेला म्हंजे घाण गेली की रे." घाण जात नाही; नाक फसतं एवढंच.

गाळ

कृष्णाकाठचा गाळ बारीक, काळा आणि चिकट. ओला आहे तोवर फावड्यानं, खराट्यानं निघतो. एकदा वाळला की फरशीच्या सांध्यात सिमेंटसारखा बसतो. म्हणून जुनी माणसं पाणी घरातून उतरत असतानाच, त्याच पाण्यानं गाळ दाराबाहेर ढकलतात. यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. या घरात पाणी रात्रीत उतरलं, त्यामुळं ती संधी गेली. सकाळी फरशीवर चार बोटं गाळ होता.

आतल्या खोलीपासून दाराकडं, वरून खाली, असा क्रम ठेवला. आधी घमेल्यांनी गाळ बाहेर, मग टँकरच्या पाण्यानं धुणं. महापालिकेचा टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, तिथून पाइप. शेजारच्या वाड्यात उत्साहाच्या भरात प्रेशरचा जेट आणला आणि मातीच्या भिंतीवर धरला. भिंतीचा पायथा आधीच भिजून लोण्यासारखा मऊ झालेला, तो पोखरला गेला आणि वरची भिंत फुगून बाहेर आली. आपल्या घरात मातीच्या भिंतीला पाइप लावूच दिला नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फुगलेला गिलावा हातानं, थापीनं अलगद काढायचा.

बोर्डांची खोकी, मोरीची जाळी, दाराच्या चौकटीमागची फट, कपाटाचे पाय, ओट्याखालचा कोपरा: इथं गाळ लपतो. दोन दिवसांनी घरात पुन्हा वास यायला लागला, तेव्हा शोधत शोधत दादाला तो स्टीलच्या कपाटाच्या पोकळ तळात सापडला. कपाट आडवं केल्यावर त्यातून काळं पाणी बादलीभर निघालं.

काय ठेवायचं, काय टाकायचं

कापसाच्या गाद्या, उशा, मुलीची मऊ खेळणी, भिजलेलं पीठ, मसाले, लोणच्याच्या बरण्या: सगळं टाकलं. बरणीचं झाकण घट्ट असलं तरी झाकणाच्या आट्यांत पाणी शिरतं, ते पुसून निघत नाही. लोणची टाकताना मावशी रडली. ती वर्षाची बेगमी होती, आणि कुणी काही बोललं नाही.

लाटणं, पोळपाट आणि लाकडी चमचे टाकले, कारण लाकडाच्या आत गेलेली घाण बाहेर येत नाही. स्टीलची, पितळेची भांडी साबणानं घासून मोठ्या पातेल्यात उकळली. कपडे गाळ झटकून, दोनदा साबणाच्या गरम पाण्यात धुतले. सागवानी कपाट आणि पाट सावलीत, विटांवर उचलून ठेवले; उन्हात ठेवले असते तर फाटले असते.

वाद झाला तो स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीवरून. प्लायवूडची, २०१९ च्या पुरानंतर नवी केलेली, तिचे हप्ते नुकतेच फिटलेले. मी काढा म्हणालो. दादाचा जीव होईना, आणि ते मला समजत होतं. ती पुसून, हायपोनं पुसून, दारं उघडी ठेवून तशीच ठेवली. दोन-तीन आठवड्यांत आतल्या बाजूला काळी-हिरवी बुरशी चढली आणि काकांचा खोकला वाढला. तेव्हा ट्रॉली गेली. प्लाय, पार्टिकल बोर्ड, सनमायकाखालचा भुसा हे पाणी पितात आणि सोडत नाहीत. त्यांना कुठलंही औषध लावा, आतली ओल बुरशीला पुरेशी असते.

साबण, मग क्लोरीन

गाळ गेल्यावर सिमेंटच्या भिंती, फरशी, ओटा, मोरी हे सगळं कपडे धुण्याच्या पावडरीनं आणि ताठ ब्रशनं घासलं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. लोकांना ही पायरी कमी दर्जाची वाटते, पण निम्म्याहून जास्त काम तीच करते: चिकट थर निघतो, त्याबरोबर जंतूही निघतात आणि क्लोरीनला काम करायला उघडी जागा मिळते.

क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडर वापरली. चांगल्या, ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली, की ते उडून जातं. गुठळ्या झालेली, वास न येणारी पावडर म्हणजे नुसता चुना. म्हणून किराणा दुकानातली सुटी पावडर न घेता सीलबंद पाकीट घेतलं.

प्रमाण असं ठेवलं. साध्या पृष्ठभागांसाठी दहा लिटरच्या बादलीला ३० ग्रॅम, म्हणजे ०.१ टक्के क्लोरीन. संडास, मोरी, गटाराचं तोंड यांसाठी दहा लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे ०.५ टक्के. पावडर आधी तांब्याभर पाण्यात कालवायची, मग बादलीत ओतायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी वापरायची. पाणी गार हवं. गरम पाण्यात क्लोरीन वाफेबरोबर उडतं आणि छातीला लागतं. बादली प्लास्टिकची. द्रावण रोजचं रोज नवं. फडक्यानं लावून पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहील असं बघायचं, मग साध्या पाण्यानं पुसायचं. दहा मिनिटांचा हा मुद्दा बहुतेक जण सोडतात. लावलं आणि लगेच पुसलं तर औषध वाया. लोखंडी बिजागऱ्या, स्टीलचं कपाट यांना मात्र पुन्हा साध्या पाण्याचा हात मारून कोरडं करायचं, नाहीतर गंज धरतो.

मातीच्या भिंतींना क्लोरीन लावलं नाही. माती ते पिऊन टाकते आणि पुढं भिंतीवर क्षार फुटतात. तिथं पाण्याच्या रेघेच्या वर वीतभर अंतरापर्यंत जुनं लिंपण खरवडून काढलं आणि ते घराबाहेर नेलं.

काकांना या सगळ्या काळात विश्रामबागेतच ठेवलं, आणि ते बरं झालं. संडास साफ करायला बोलावलेल्या माणसानं नेहमीच्या सवयीनं ॲसिडची बाटली ओतली. तिथं सकाळी मारलेलं ब्लीचिंग अजून होतं. क्षणात पिवळसर-हिरवट धूर आला, तो माणूस खोकत बाहेर पळाला, त्याचे डोळे लाल झाले. दारं-खिडक्या उघडून सगळे चौकाबाहेर गेलो; तासाभरानं, वास पूर्ण गेल्यावर, लांबून भरपूर पाणी ओतलं. तो क्लोरीन वायू होता. ब्लीचिंग किंवा हायपोबरोबर ॲसिड, संडास साफ करायचं कुठलंही आम्लाचं औषध, व्हिनेगर किंवा लिंबू यांपैकी काहीही मिसळायचं नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं औषधही नाही. त्यातून वेगळा, तितकाच वाईट वायू निघतो. त्या दिवसापासून ॲसिडच्या बाटल्या घरातूनच काढल्या.

हौद

या घरात सगळ्यात जास्त काळजी हौदाची होती, कारण फरशी चाटत कुणी नाही, पाणी मात्र सगळे पितात. पुराचं पाणी झाकणावरून आत गेलेलं. पंपानं उपसला, तळाला गुडघ्याच्या खाली गाळ. आत माणूस उतरवण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवलं, आणि उतरलेल्याच्या कमरेला दोर बांधून वर दोघं उभे राहिले. बंद हौदात कुजणाऱ्या गाळामुळं हवा खराब झालेली असते. अशा जागी माणूस न ओरडता कोसळतो. पंप डिझेलचा होता, तो चौकाबाहेर ठेवला, म्हणजे त्याचा धूर हौदात शिरणार नाही.

गाळ काढून, साबणानं घासून, धुऊन, पुन्हा उपसून हौद भरला. मग क्लोरीन: लिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन हजार लिटरला सुमारे ३०० ग्रॅम पावडर, निवळी करून. तेच पाणी मोटरनं वरच्या टाकीत आणि नळांतून वास येईपर्यंत सोडलं, म्हणजे पाइपलाइनही धुतली गेली. रात्रभर तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी सगळं सोडून दिलं. ते पाणी प्यायला नव्हे, आंघोळीलाही नव्हे.

नंतर रोजच्या पाण्यासाठी प्रमाण अगदी कमी: हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, या हौदाला पाच ग्रॅम, आणि किमान अर्धा तास थांबायचं. पिण्याचं पाणी त्यावरही उकळूनच घेतलं. आशाताई वाटत होत्या ते मेडिक्लोर (पिण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) मुलीच्या पाण्याच्या बाटलीसाठी वेगळं ठेवलं.

वाळणं

इथपर्यंतचं काम आठवड्याभरात झालं. घर दिसायला स्वच्छ, वास नाही. सगळ्यांना वाटलं, संपलं. मला विचाराल तर घराची खरी परीक्षा इथून पुढं होती.

बुरशीला ओलीत चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पुरतात आणि सांगलीत जुलै-ऑगस्टला हवाच दमट. समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर उघड्या, माडीवरच्या तपासलेल्या लाइनवरून खाली स्टँडचे पंखे, सगळं फर्निचर भिंतीपासून हातभर लांब, अशी व्यवस्था केली. पंखा भिंतीवर मारण्यापेक्षा खिडकीतून बाहेर हवा फेकेल असा लावला, म्हणजे ओली हवा घरातून जाते. शेजारी कुणी खोल्या वाळवायला दारं लावून कोळशाची शेगडी पेटवत होते. मी स्वतः जाऊन दोन घरी सांगितलं की असं करू नका. बंद खोलीत कोळशानं कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतला माणूस उठत नाही.

पुढच्या खोल्यांना खालून तीन फूट ऑइलपेंटचा पट्टा होता, डाग पडू नयेत म्हणून लावलेला. पुरानंतर त्याला फोड आले. एक फोड नखानं फोडला तर आतून थेंब ओघळला. रंगाचा तो पडदा भिंतीतलं पाणी आतच कोंडत होता. पट्टा संपूर्ण खरवडला. भिंत कुरूप दिसायला लागली, पण त्यानंतरच ती वाळायला लागली.

गौरी-गणपती १० सप्टेंबरला. मावशीचं म्हणणं, "गणपती बसायच्या आधी रंगाचा हात मारून घे, पावणेरावळे यायचेत." तिची बाजू मला पटत होती; पूर येऊन गेलेल्या घरात सणाला रंग असावा असं कुणालाही वाटेल. म्हणून तिच्यासमोरच तपासून बघितलं. वीतभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला, एक मातीच्या भिंतीवर, एक स्वयंपाकघरात. सकाळी दोन्ही कागदांच्या आतल्या बाजूला दव साचलेलं. मावशीनं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग." त्या वर्षी मखरामागं रंगाऐवजी साडीचा पडदा लावला, भिंतीपासून अर्धा फूट सोडून.

कागदाची ही तपासणी दर काही आठवड्यांनी चालू ठेवली. सिमेंटचं स्वयंपाकघर दिवाळीच्या सुमाराला कोरडं आलं. मातीच्या भिंतींना संक्रांत उजाडली. मग नवं लिंपण आणि त्यावर विरवलेल्या चुन्याचे दोन हात. चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळं त्यावर बुरशी सहजी धरत नाही, आणि तो भिंतीचा श्वास बंद करत नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच लावायचा, ताजा चुना डोळ्यात गेला तर फार वाईट.

आज घर कसं आहे

ट्रॉलीच्या जागी कडप्प्याच्या मांडण्या आल्या. खालच्या मजल्यावरचे बोर्ड वायरमननं २०२१ च्या रेघेच्या वर चढवले. हौदाला रबराची कड असलेलं झाकण बसवलं. ब्लीचिंगचं पाकीट हवाबंद डब्यात, वर खरेदीची तारीख लिहून, माडीवर असतं. जून लागला की वहिनी जुनं बाजूला काढून नवं आणते आणि जुनं मोरीत वापरून संपवते.

एक कोपरा अजून सुटलेला नाही. मोरीची भिंत जिथं जुन्या मातीच्या भिंतीला टेकते तिथं पावसाळ्यात खालून ओल चढते आणि चुना पापुद्र्यांनी सुटतो. तिथलं गटाराचं पाइपाचं सांधणं पुरात हललंय असा माझा अंदाज आहे. फरशी उचलून तो तुकडा बदलायचा आहे, आणि तोवर त्या कोपऱ्याला कपाट लावायचं नाही असं घरात ठरलंय.